रेनोने भरलेला अर्ज

रेनो लेहतिनेन माझा शाळेतला वर्गमित्र. हिवाळ्यात तो रस्त्यांवरचा बर्फ हटवणारा जिल्ह्याचा ट्रक चालवतो आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवतो. त्याची मुलगी आयली तेव्हा आमच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती आणि गोळाफेकीत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात तिला तोड नव्हती. मी त्याच शाळेत मुलांना कॉलेजप्रवेशाचा सल्ला देते. तेवीस वर्षं झाली.

ऑक्टोबरात एका मोठ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने आयलीला शिष्यवृत्ती देऊ केली. दुसऱ्याच दिवशी बेकरीत रेनो भेटेल त्याला सांगत होता, "पोरीचं शिक्षण फुकटात झालं बरं का." मलाही त्याने कॉफी पाजली.

"पत्र दाखव की," मी म्हटलं.

त्याने खिशातून घडी काढली. वर्षाला सहा हजार डॉलर, तेही एका वर्षापुरते. तिथला वर्षाचा खर्च एकोणतीस हजार. मी आकड्यावर बोट ठेवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"तुला ना, मर्लीन, शाळेत असल्यापासून दुसऱ्याच्या पेपरातल्या चुकाच दिसतात."

"चूक नाही रे. चांगले पैसे आहेत. पण सगळे नाहीत."

आयली मात्र शांत होती. पुढचं तिने स्वतःच विचारलं, "खांदा दुखावला तर हे पैसे राहतील का, मिसेस झुपान?"

"ते मला नको, त्या प्रशिक्षकालाच विचार."

तिने माझ्या ऑफिसातूनच फोन लावला. माणूस सरळ होता. म्हणाला, दरवर्षी नव्याने ठरतं, चार वर्षांचा शब्द मी देऊ शकत नाही. आयलीने आभार मानून फोन ठेवला आणि उत्तर वहीत लिहून घेतलं.

दक्षिणेकडच्या एका छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षिकेनेही तिला पत्र पाठवलं होतं. त्यात साफ लिहिलं होतं, आमच्या क्रीडागटातली कॉलेजं खेळासाठी एक पैसाही देत नाहीत, पण मार्क आणि घरची परिस्थिती पाहून बरीच मदत मिळते. त्यासाठी पालकांच्या उत्पन्नाचा सरकारी अर्ज भरावा लागेल. तिथला वर्षाचा खर्च साठ हजार.

रेनो हसलाच. "साठ हजार? माझा पगार विसरलीस का?"

"पगार आठवतोय म्हणूनच सांगते. पाटीवरची किंमत वेगळी आणि तुला पडणारी वेगळी. आणि हा अर्ज विद्यापीठासाठीही लागतो. भर तर खरं."

डिसेंबर गेला, जानेवारी अर्धा सरला. एक दिवस आयली येऊन म्हणाली, "बाबा रोज उद्या म्हणतात. मी बसते शेजारी म्हटलं तर चिडतात."

शनिवारी दुपारी मी त्याच्या घरी गेले. मला वाटलं होतं, सरकारला कमाई का सांगू, असं काहीतरी ऐकवेल. पण टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि कराचे कागद ओळीने लावलेले होते.

"भरलाय की मग," मी म्हटलं.

"हा एक रकाना राहिलाय."

मी वाकून पाहिलं. वैवाहिक स्थिती. त्याची बायको हेल्मी जाऊन दोन वर्षं झाली होती. घरातले सगळे कागद तीच सांभाळायची.

"चारदा उघडला," तो म्हणाला. "इथवर येतो आणि बंद करतो. विवाहित लिहिलं तर खोटं. ते दुसरं लिहायला हात धजत नाही."

तेवढ्यात आयली आतून आली. आमचं बोलणं तिने ऐकलं होतं. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने आपला रुंद हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"बाबा, तुम्ही सांगा, मी दाबते."

रेनो हळूच म्हणाला, "विधुर." तिने दाबलं. पुढची पानं दोघांनी मिळून वीस मिनिटांत संपवली. मध्येच रेनोने मला विचारलं, "बर्फाच्या ट्रकला मालमत्ता म्हणतात का?"

"तुझा आहे का तो?"

"पहाटे चार वाजता तर माझाच वाटतो."

मार्चअखेर दोन्हीकडची पत्रं आली. मी आयलीला सांगितलं, पत्रात मदत म्हणून दाखवलेलं कर्ज धरायचं नाही, ते तुलाच फेडायचंय. आणि कॉलेजमधल्या कामाचा पगार काम केल्यावरच मिळतो. तिने दोन्ही वगळून गणित मांडलं. विद्यापीठात शिष्यवृत्ती आणि सरकारी मदत धरूनही वर्षाला सोळा हजार भरायचे होते. छोट्या कॉलेजात अकरा, आणि ती मदत खेळावर अवलंबून नव्हती. उत्पन्नाचा तो अर्ज मात्र दरवर्षी भरायचा होता.

"गोळा नाही फेकला तरी?" रेनोने तीनदा विचारलं.

"नाही फेकला तरी," आयली म्हणाली. "पण मी फेकणार आहे."

विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला तिने स्वतः फोन करून नकार कळवला. तो म्हणाला, वाईट वाटलं, पण हिशेब बरोबर आहे तुझा.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रेनो आणि मी पाच तास गाडी चालवून तिची स्पर्धा बघायला गेलो. वारा बोचरा होता. तिचा गोळा बेचाळीस फुटांवर पडला आणि ती चौथी आली. रेनोला चौथा नंबर म्हणजे काय ते नीटसं कळलं नसावं, कारण तो शेजारच्या अनोळखी बाईला हाताला धरून दाखवत होता, "ती बघा, लाल मोज्यांतली. माझी आहे."

नंतर आयली आम्हाला तिथल्या जेवणघरात घेऊन गेली. भूगर्भशास्त्राच्या कुठल्याशा सहलीबद्दल ती घास तोंडात असतानाच बोलत राहिली. रेनोला त्यातलं निम्मं समजत नव्हतं. तो दुसऱ्यांदा सूप घेऊन आला आणि ऐकत बसला.