डावं मडगार्ड

“आई, माझा एक हातमोजा कुठे गेला?”

सून दारात उभी होती, हातात जोडीतला दुसरा हातमोजा धरून. तपकिरी, मऊ कातड्याचा, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मुलाने तिला घेऊन दिलेला. चष्म्यावर अडकवलेलं भिंग न काढताच मी म्हणाले, “एकच घेतलाय. दुसरा आहे की तुझ्याकडे.”

“एका हातमोज्याचं मी काय करू?”

“मी काय केलंय ते बघ तरी आधी.”

ती फणकाऱ्याने टेबलाशी आली. टेबल जेवणाचं होतं, पण गेले सहा महिने त्यावर कुणी जेवलं नव्हतं. मी तिच्या तळहातावर गाडीची मागची सीट ठेवली. वीतभरही लांब नसेल. पाठीला अकरा घड्या, प्रत्येक घडीत कापूस भरलेला. तिने बोटाने दाबून पाहिलं. सीट खाली गेली आणि पुन्हा वर आली.

“अगंबाई! हिच्यात स्प्रिंगा आहेत?”

“बॉलपेनांतल्या. घरातलं एकही पेन का चालत नाही ते कळलं ना आता?”

तिला हसू आवरेना. खिडकीजवळच्या खुर्चीतून ह्यांचा आवाज आला, “सूनबाई, बूट जपून ठेव. गाडीला टायर लागायचेत अजून.”

हे बोलले, तेवढ्यानेच माझा दिवस चांगला गेला. बोलणं फार कमी झालं होतं त्यांचं.

मी एक्केचाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या आणि ह्यांनी गाड्यांचा पत्रा ठोकला. एकच शेड, मध्ये एक पडदा. पलीकडे ह्यांची ठोकाठोक, अलीकडे माझं मशीन. “हातोडा माझा, सुई तुझी,” ही आमची वाटणी. त्या वाटणीवरून कधी भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं. माझ्या हातची सीट उसवली म्हणून कुणी परत आलं नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते.

ह्या सगळ्याच्या चार वर्षं आधी ह्यांची नजर गेली होती. दोन ऑपरेशनं झाली, तिसऱ्याला डॉक्टरच नको म्हणाले. तेव्हापासून ती खुर्ची आणि हे. “मी आता सामान. ठेवाल तिथे राहीन,” असं म्हणायचे. राग नाही, रडणं नाही, म्हणून तर माझ्या जिवाला ते जास्त लागायचं.

मग एका सकाळी चहाचा कप हातात धरून म्हणाले, “अगं, काळीचा चेहरा आठवत नाही.”

काळी म्हणजे डॉक्टरीणबाईंची गाडी. त्यांच्या वडिलांची, लांब नाकाची, गोल दिव्यांची. अंगणात वर्षानुवर्षं उभी होती. एकदा झाडाची फांदी मोडून तिच्या डाव्या अंगावर पडली, तेव्हा बाईंनी ती ओढत आमच्याकडे आणली. आम्ही दोघं दोन वर्षं तिला लागलो होतो. पुढे बाईंनी ती सव्वीस वर्षं चालवली, प्रदर्शनात बक्षीस मिळवलं आणि शेवटी कुणा शौकिनाला देऊन टाकली. तो तिला कुठे घेऊन गेला, देव जाणे. डाव्या मडगार्डवरून हात फिरवत लोक म्हणायचे, “उस्ताद, हे तर कारखान्यातून निघाल्यासारखं आहे!” तेव्हा हे नुसते मान खाली घालायचे. मला वाटायचं, केवढा हा विनय!

“डोळे गेले ते गेले,” हे म्हणाले, “आता आतलंही पुसायला लागलंय.”

त्याच दिवशी मी ठरवलं. डोळ्यांना नाही, तर हातांना दिसेल अशी काळी करायची. खरीच्या आठव्या हिश्शाची, पण दारं उघडणारी, चाकं वळणारी, बॉनेटखाली इंजिन असलेली. बोटाला कुठे म्हणून खोट लागता कामा नये.

फोटो चार होते. चारही उजव्या बाजूचे, कारण बाई नेहमी स्टिअरिंगच्या दाराशी उभ्या राहायच्या. मी उजव्या बाजूचा कागद कापला, तो उलटा करून डावी बाजू काढली. पत्रा टेकवायला वाळूची छोटी पिशवी शिवली आणि दागिने घडवणारे वापरतात तशी हातोडी आणून आयुष्यात पहिल्यांदा पत्रा ठोकायला बसले.

“हलका मार,” खुर्चीतून सूचना आली. “पत्र्याला मार, टेबलाला नको.”

“तुम्हाला काय कळतंय तिथून?”

“रडतोय तो. उलटा कर आणि मधून कडेकडे ठोकत ये.”

मी उलटा केला, मधून कडेकडे ठोकत गेले. पत्रा वळला. पण गाडीला हात लावू दिला नाही. म्हटलं, “पुरी झाल्याशिवाय नाही.” ते म्हणाले, “बरं, मालक.”

पुढच्या जाळीत बावीस तारा बसवल्या. स्पीडोमीटरचा काटा रंगाच्या ब्रशाच्या केसाचा केला. दार लावताना खट् असा डब्यासारखा आवाज यायचा. तीन वेळा आतून लोकर बदलली, तेव्हा कुठे काळीसारखा ठप् आवाज आला. काळ्या रंगाचे सात हात दिले. आणि एका रविवारी, सकाळची कामं उरकल्यावर, मी टेबल ह्यांच्या खुर्चीपुढे ओढलं.

“घ्या. झाली तुमची काळी.”

ह्यांनी दोन्ही तळहात पँटला पुसले. पूर्वी काम सुरू करताना पुसायचे तसेच. सून स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

बोटं जाळीवर आली, दिव्यांवर गोल फिरली. बॉनेट उघडलं, मिटलं. मग दार उघडून लावलं. ठप्. ह्यांचा चेहरा उजळला. “तीच,” म्हणाले. पुन्हा लावलं. “तीच गं!”

मग बोटं आत गेली. पाठीच्या घड्या मोजल्या, अकरा. मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यात बोट अडलं.

“इथे जोड आहे.”

“असणारच. चार बोटं कातडं कमी पडलं होतं तेव्हा. मी बाईंना दाखवलंही होतं. त्या म्हणाल्या, राहू दे.”

“पण हिच्यात कशाला घातलास? हातमोजा पुरला असता की.”

“होता म्हणून घातला. काळी करायची तर काळीच करायची.”

बराच वेळ त्यांचा हात त्या जोडावरच होता. मग तो बाहेर आला आणि डाव्या मडगार्डवर गेला. अंगठा एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, थांबला.

“हे चुकलंय.”

मला आधी खरंच वाटेना. “काय चुकलंय? आठ महिने घातलेत मी! कागद उलटवून कापलाय, केसाचाही फरक नाही दोन्हींत.”

“म्हणूनच चुकलं.”

“म्हणजे?”

“दोन्ही सारखी नव्हतीच कधी.” ह्यांनी मान खाली घातली. तीच ती, विनयाची समजलेली. “डावं मी हाताने केलं. तीन पत्रे वाया गेले. चौथा जमला, पण पोटात दोन सूत जास्त फुगला. पाचवा आणायची हिंमत झाली नाही. रंगाखाली झाकलं. डोळ्याला कळत नव्हतं. परीक्षकालाही नाही कळलं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू तुझा जोड बाईंना दाखवून आली होतीस. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगू?”

मी हिशेब केला. दोन सूत म्हणजे पाव इंच. त्याचा आठवा भाग, नखाच्या जाडीएवढा. तेवढा ह्यांच्या अंगठ्याला कमी लागला होता. आणि ह्यांना म्हणे काळीचा चेहरा आठवत नव्हता! माझा राग कुठच्या कुठे गेला.

“मग? आता काय करायचं?”

“स्क्रूने बसवलंयस ना? काढ. हातोडी दे.”

मी वाळूची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. डाव्या हाताचा अंगठा पत्र्याच्या खाली गेला, उजव्या हाताने हातोडी तोलून पाहिली. “पोरांचं खेळणं,” म्हणाले, आणि ठोका पडला. दोन हलके, एक थांबा. दोन हलके, एक थांबा. चार वर्षांनी तो ताल घरात आला. काळा रंग कपच्या होऊन मांडीवर गळत होता. सून पुढे येऊन हळूच म्हणाली, “बाबा, लागेल हं हाताला.”

“पत्र्याला विचार, कुणाला लागतंय ते.”

अर्ध्या तासाने अंगठा एकदा फिरला आणि पुन्हा फिरला नाही. मी मडगार्ड जागेवर बसवलं. ह्यांनी दोन्ही हात पुढच्या दोन्ही मडगार्डांवर ठेवले, जसे कुणाच्या खांद्यांवर ठेवावेत. “ही,” म्हणाले. एवढंच.

“मडगार्डचा बाकीचा रंग खरवडून पुन्हा देते उद्या.”

“खरवड. पण देऊ नकोस. एकदा झाकलं ते पुरे झालं.”

त्यानंतर दोन वर्षं हे होते. सामान हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही. सकाळी टेबलापाशी बसून काळीचं दार उघडायचे, लावायचे, आणि मग अंगठा डाव्या मडगार्डवर.

गाडी आता कपाटावर आहे. टेबल सुनेला परत मिळालं. घरी येणारे म्हणतात, “आजी, सगळं इतकं नेटकं केलंत आणि एक मडगार्ड रंगवायचं राहिलं!” मी सांगते, राहिलेलं नाही, गाडी पुरी आहे. त्या उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून सून अधूनमधून तेलाचं बोट फिरवते. नखाएवढी एक जागा मात्र तेलाशिवायच लख्ख राहते. येता-जाता मी तिथे अंगठा ठेवते.