थोरलीचं वेळापत्रक

आमच्या कंपनीतलं सगळ्यात जुनं विमान चार इंजिनांचं. सगळे तिला थोरली म्हणत. कुठलं विमान कुठे, कधी उडवायचं हे ठरवणं माझं काम, आणि ते मला उत्तम जमतं, हे सांगायला मी लाजत नाही.

एक दिवस मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "थोरलीचे हप्ते कधीच फिटलेत. नुसती उभी कशाला ठेवायची? रोज सकाळच्या फेरीला लावा."

"साहेब, हप्ते फिटलेत, भूक कुठे भागलीय? अर्धी रिकामी उडाली तरी इंधन घटाघटा पिते. शिवाय विमानतळ दर उड्डाणाला आवाजाचे पैसे लावतो, ते वेगळेच."

"आवाजाचं काय घेऊन बसलात! लोकांना सवय होते."

आठवडाभर करून बघायचं त्यांनी ठरवलंच. पहिल्याच सकाळी मी त्यांना गाडीत घातलं आणि धावपट्टीच्या टोकापलीकडे राहणाऱ्या माझ्या आत्याकडे नेलं.

आजारपणात ज्यांची वाचा गेली, त्यांना आत्या पुन्हा बोलतं करते. तिच्यासमोर एक निवृत्त बसड्रायव्हर बसले होते. कपाळावर घाम, ओठ जुळत होते, सुटत होते. "पा... पा..." आत्याने आम्हाला हातानेच थांबवलं.

तेवढ्यात थोरली आली. आधी खिडक्या थरथरल्या, मग खोलीत आवाजाशिवाय काही उरलंच नाही. ड्रायव्हरकाकांचे ओठ हलले. शब्द आला असावा, पण तो कुणालाच ऐकू आला नाही, त्यांना स्वतःलाही नाही. त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि मान खाली घातली.

"पुन्हा," आत्या म्हणाली.

गाडीत बसल्यावर मालक म्हणाले, "म्हणजे विकून टाकू म्हणता?"

"मुळीच नाही. फक्त चुकीच्या कामाला जुंपू नका. सुट्ट्यांच्या हंगामात लांबच्या फेरीला एक सीट रिकामी राहत नाही. तिथे थोरली नव्या विमानांना भारी पडेल. निघेल दुपारी, आत्याचे वर्ग आटोपल्यावर. एरवी खुशाल उभी राहू दे, हप्ताच नाही तर उभं राहणं परवडतं. सकाळी दोन इंजिनांचं छोटं विमान पुरे."

"आणि तोटा झाला तर?"

"तर दुसरी कुणीतरी शोधा."

त्यांना दुसरी कुणी शोधावी लागली नाही. थोरली दर खेपेला खच्चून भरून गेली आणि हंगामभर तिने नव्या विमानांचे हप्तेसुद्धा ओढले.

त्याच हंगामात एका दुपारी आत्याचा फोन आला. "आत्ताच गेली गं तुमची थोरली. कपबशा अजून वाजतायत."

"वर्ग संपला होता ना?"

"संपला होता. ड्रायव्हर दारात चपला घालत होते. वर बघून पहिल्यांदाच अख्खं वाक्य बोलले, न अडखळता."

"काय म्हणाले?"

"ते फोनवर सांगण्यासारखं नाही," आत्या म्हणाली, आणि खो खो हसत सुटली.