दोन माशांच्या मागून

होडी सहा माणसांची, आणि त्या दुपारी तिच्यात अकरा जण दाटीवाटीनं बसले होते. धक्क्यावर आणखी चाळीसेक उभे. सगळ्यांच्या माना वहीएवढ्या एका पडद्याकडे वळलेल्या. पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून वर ताडपत्री ताणली होती आणि तिच्या सावलीत खोलमहाराज मांडी ठोकून बसले होते. पडद्याच्या एका कोपऱ्यावर काळी पट्टी चिकटवलेली होती. नजर लागू नये म्हणून, असं महाराज सांगायचे.

"समुद्र माणूस गिळत नाही, बाळांनो," महाराज म्हणाले. "ठेवून घेतो. तुमचं माणूस खाली सुखरूप आहे. मागू नका, मोजू नका, नुसतं बघा. आता कुणाची पाळी?"

"माझी," वहिनी म्हणाल्या.

"नाव मनात घे. तोंडानं नको. पाण्याला मनातलं ऐकू येतं."

पडद्यावर निळं पाणी सरकत होतं आणि खाली तळाची जाड पिवळी रेघ. महाराजांनी डोळे मिटले, पुटपुटले, मधेच एक डोळा किलकिला करून पडदा पाहिला आणि पुन्हा मिटला. मग एकदम हात वर केला.

"आला!"

आणि आलाच. तळाजवळून एक मोठी तांबडी कमान उगवली आणि हळूहळू वर सरकली. "अगं बाई!" मागून कुणीतरी म्हणालं. धक्क्यावरच्या लोकांनी हात जोडले. वहिनींनी पडद्याला बोट लावलं.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच आहेत, भाऊजी."

मी त्यांच्या शेजारीच होतो. मला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. आठ महिने झाले, मला काही येतच नाही. भूकसुद्धा घड्याळ बघून लागते.

गंमत म्हणजे माझा धंदा हाच आहे. मी होड्यांवर मासे शोधायची यंत्रं बसवतो. होडीच्या मागच्या बाजूला, पाण्याखाली, मुठीएवढा सेन्सर लावायचा. तो तळाकडे आवाज सोडतो. आवाज कशावर तरी आपटून परत आला की पडद्यावर खूण उमटते. मासा असला तर कमान, तळ असला तर जाड रेघ. विहिरीत दगड टाकून खोली ओळखतात ना, त्यातलाच प्रकार. महाराजांच्या होडीवरचं यंत्रही मीच बसवलं होतं. तेव्हा ते महाराज नव्हते. धक्क्यावर बर्फ विकायचे आणि वितळलेलं पाणीही वजनात धरायचे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी होडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी होडी खडकाळ उथळीवर, जिथे पाणी कमी तिथे, सापडली, तळाला हातभर लांब ओरखडा, आत डबा आणि एक चप्पल. दादा नाही. त्याच्यासाठी आणलेलं यंत्र माझ्या कपाटात होतं, खोकं न उघडलेलं. "येत्या रविवारी बसवू," असं मी त्याला म्हणायचो. असे सहा रविवार गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सेन्सर असता तर खडक आधी दिसला असता. हे मी कुणाला बोललो नव्हतो.

संध्याकाळी वहिनींनी त्यांच्या घरी माझ्यापुढे चहा ठेवला आणि सरळ सांगून टाकलं.

"रविवारी होडी महाराजांच्या नावावर करते."

"आपली होडी?"

"यांची. महाराज म्हणतात, हे आपल्याच होडीला शोधतायत. ती महाराजांच्या हाती गेली की रोज वर येतील."

होडी दुरुस्त करून घेतली होती, ती भाड्यानं द्यायची आणि त्यावर घर चालवायचं, असं आमचं ठरलं होतं. दुसरं काही नव्हतंच. मी एवढंच म्हणालो, "वहिनी, तो एखादा मोठा मासा असेल हो. यंत्र आहे ते."

"यंत्र तुम्हीच बसवलंत ना? मग खोटं कसं असेल?"

मी चहाचा घोट घेतला.

"आणि मासा काय दर वेळी एकसारखा येतो?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "आधी दोन लहान मासे येतात. एक जरा पुढे, एक मागे. मग काही नाही. मी मनात चाळीस मोजते, आणि हे येतात. पाच वेळा गेले, पाचही वेळा तसंच. सोबत आहे यांना. एकटे नाहीत तिथे."

"चाळीस?"

"एकेचाळीससुद्धा नाही कधी."

मी कप खाली ठेवला. मी त्या पडद्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं, मी वहिनींकडे बघत बसायचो. पण समुद्र इतका वक्तशीर नसतो. आमच्या घरात तर कुणीच वक्तशीर नव्हतं, दादा तर मुळीच नव्हता.

घरी जाऊन मी ते खोकं घेऊन आलो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडदा ठेवला, बॅटरी ठेवली, दोन वायरी जोडल्या. सेन्सर खोक्यातच राहू दिला, त्यावरचं प्लॅस्टिकही काढलं नाही.

"पाणी कुठाय?" वहिनींनी विचारलं.

"पाणी नाहीच."

यंत्र बसवताना होडी जमिनीवर, ठोकळ्यांवर असते. मालकाला यंत्र चालतंय हे तर दाखवायला हवं. म्हणून बनवणाऱ्यांनीच आत एक नमुना भरून ठेवलेला असतो. खोटं पाणी, खोटा तळ, खोटे मासे. संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्याला आम्ही डेमो म्हणतो. मी तो मालकाला अर्धा मिनिट दाखवतो आणि बंद करतो. बर्फवाला मात्र त्या दिवशी म्हणाला होता, "राहू दे चालू, बघतो जरा." पाऊण तास बघत बसला होता. मला वाटलं, नवीन आहे, हौस असेल.

मी बटण दाबलं. कढई आणि मिठाची बरणी यांच्या मधोमध निळं पाणी सरकायला लागलं. थोड्या वेळानं दोन लहान मासे आले. एक पुढे, एक मागे.

वहिनींचे ओठ हलत होते, त्या मोजत होत्या. चाळीसाला तांबडी कमान उगवली.

"बंद करा," त्या म्हणाल्या. मी हात पुढे केला तशा म्हणाल्या, "नको. थांबा. एकदा येऊ दे पुन्हा."

पुन्हा आली. त्यांनी ती पार वर जाईपर्यंत पाहिली, मग स्वतःच बटण दाबलं आणि कप विसळायला घेतले. रडतील असं मला वाटलं होतं. नाही रडल्या. त्या माझ्यासारख्याच दिसत होत्या, नुसत्या उभ्या.

"रविवारी कागद घेऊन जायचं," कप पालथे घालत त्या म्हणाल्या. "तुम्ही मधे बोलू नका."

रविवारी धक्का गच्च भरला होता. ज्यांच्या होड्यांवर अशी यंत्रं होती ते कामावर, समुद्रात होते. इथे जमायची ती ज्यांचं माणूस गेलंय ती, म्हणून तर महाराजांचं फावलं.

"ये, मुली," महाराजांनी कागदाकडे पाहत हात पसरले. "देणाऱ्यानं देत जावं, पाण्यानं घेत जावं."

"आधी एकदा यांना बघते."

पुन्हा तेच. मिटलेले डोळे, किलकिला डोळा, "आला!" लोकांनी हात जोडले. वहिनी उठल्या आणि होडीच्या मागच्या कडेला जाऊन वाकल्या. सेन्सर ज्या पत्र्यावर बसवलेला असतो तो खालून ढकलला की वर उचलला जातो, दगड लागला तर मोडू नये म्हणून. मीच त्यांना ते आदल्या दिवशी दाखवलं होतं. सेन्सर पाण्याबाहेर आला आणि हवेत टपटप गळत राहिला.

"पाण्यातलं सगळं ह्यातून कळतं," वहिनी मोठ्यानं म्हणाल्या. "आता हा पाण्याबाहेर आहे. आता पडद्यावर काही दिसायला नको. बघा."

निळं पाणी सरकतच होतं. दोन लहान मासे आले.

"आता मोजा. चाळीसपर्यंत."

आधी दोघंतिघं मोजायला लागली, मग सगळा धक्का. महाराज अर्धवट उठले. "मोजू नका! पाणी कोपेल! यंत्रात ओल धरते, त्या ओलीतून जीव—"

"अडतीस, एकोणचाळीस, चाळीस!"

तांबडी कमान उगवली.

"अहो महाराज," मागून एक जाळी विणणारा ओरडला, "जीव हवेतच पोहायला लागला की!"

हशा पिकला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी नखानं ती काळी पट्टी सोलली आणि खालची बारीक अक्षरं वाचली. "डेमो."

"मी काय वाईट केलं?" महाराजांचा आवाज एकदम बर्फवाल्याचा झाला. "समाधान दिलं लोकांना!"

"बर्फ बरा होता," मी म्हणालो. "निदान हाताला गार तरी लागायचा."

तो गर्दीतून वाट काढत निघून गेला. लोक त्याच्यामागे शिव्या घालत धावले. होडीत एक म्हातारी तेवढी राहिली, हात अजून जोडलेले.

"ती पट्टी परत लाव गं, बाई," ती वहिनींना म्हणाली. "माझा धाकटा यायचाय अजून. आता माझीच पाळी होती."

वहिनी तिच्या शेजारी बसल्या. "आजी, तो माझाही नव्हता," त्या म्हणाल्या. दोघी तशाच बसून राहिल्या. पडद्यावर दोन मासे येऊन गेले, मग कमान, मग पुन्हा मासे. शेवटी मी वायर काढली.

सोमवारी आम्ही दादाच्या होडीवर सेन्सर बसवला. वहिनींनी पत्रा धरला, मी भोकं पाडली, पाणी शिरू नये म्हणून ती लुकणानं भरली. सेन्सर होडीच्या तळापेक्षा किंचित खाली ठेवला. वर राहिला तर तो नुसते बुडबुडे मोजतो. काम एका तासाचं होतं. एका तासासाठी मी सहा रविवार घालवले होते.

लुकण वाळल्यावर आम्ही उथळीकडे गेलो. पडदा बोलायला लागला. बावीस मीटर. अठरा. मासा एकही नाही. मग तळाची रेघ एकदम भिंतीसारखी चढायला लागली. नऊ. पाच.

"हाच का?" वहिनींनी विचारलं.

"हाच खडक."

त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

"म्हणजे हे नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाहीत, वहिनी." आणि मग माझ्या तोंडून बाहेर पडलंच. "हे यंत्र कपाटात पडून होतं. तेव्हाच बसवलं असतं तर..."

"माहितीये. खोकं ओट्यावर ठेवलंत तेव्हाच कळलं मला." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "तीन मीटर झालं, भाऊजी. होडी मागे घ्या."

मी मागे घेतली. आणि मग मला रडू आलं, आठ महिन्यांनी, लहान पोरासारखं. वहिनीही रडल्या. होडी सुखरूप होती आणि आम्ही दोघं तिच्यात होतो.

तुमचंही कुणी गेलं असेल. उद्या एखादा पडद्यात, पाण्यात, धुरात तुमचं माणूस दाखवतो म्हणाला तर तुम्ही जाल, मी हसणार नाही. पण गेलात की वायर कुठे जाते ते बघा. एकदा दिसलं तर पुन्हा बघा, आणि जो मोजू नका म्हणतो त्याच्यासमोर तर हमखास मोजा. गेलेल्या माणसाचा यात काही अपमान होत नाही.

आमची होडी भाड्यानं मिळते. पडद्यावर पट्टी नाही. चढण्याआधी तपासून घ्या.