दोघींपुरती उगाली

“नाफुला, अगं, अख्खं गाव जेवायला बोलावलंयस का?”

शेजारच्या टेबलावरून जेन्ट्रिक्स पुटपुटली, तेव्हा कुठे नाफुला भानावर आली. मक्याच्या पिठाची उगाली पातेल्यात काठापर्यंत चढली होती आणि लाकडी उलथण्याने ती घोटता घोटता तिचे हात खांद्यापासून भरून आले होते.

प्रश्नपत्रिका समोरच होती. आजारातून उठलेली आजी आणि तू, अशा दोघींसाठी दुपारचे जेवण करून वाढणे. शालान्त परीक्षेतील गृहविज्ञानाचे हे प्रात्यक्षिक. यात उत्तम गुण मिळाले, तरच परिचारिकेच्या शिक्षणाला प्रवेश मिळणार होता; एरवी आत्याने नाकुरू शहरातल्या एका बिऱ्हाडी तिच्यासाठी घरकाम ठरवून ठेवलेच होते.

“जा बाई, स्वयंपाकाचीच परीक्षा ना?” सकाळी निघताना आत्या दारातून म्हणाली होती. “पास झालीस तर ठीक. नाहीतर नाकुरूलाही हेच करायचंय!”

त्याआधी पहाटे उठून तिने झऱ्याचे पाणी आणले होते, भावंडांना पेज पाजली होती, आजीचे पाय शेकले होते. आई निवर्तल्यापासून नऊ माणसांचा स्वयंपाक तिच्याच हाताने होत आला होता. आजही पाणी ओतताना तो हात नेहमीच्याच जागी थांबला. पाण्यामागून पीठ आले. चित्त प्रश्नपत्रिकेवर होते. हात मात्र घरीच राहिला होता.

“फेक ना बादलीत!” जेन्ट्रिक्स पुन्हा कुजबुजली. “मॅडम पाठमोऱ्या आहेत. वरून केळ्याची सालं टाक, कुणाला कळतंय?”

“गप गं.”

“जास्तीचं अन्न दिसलं की गुण जातात. विसरलीस?”

नाफुला विसरली नव्हती. तिने उलथण्यावर मोठा गोळा घेतला आणि ती बादलीपाशी गेली. सालांवर राख पडली होती. धाकटा भाऊ बरासा रोज रात्री पातेल्याचा तळ नखांनी खरवडतो, तो आवाज तिच्या कानांत उमटला. ती तशीच माघारी फिरली. दोन ताटांत दोन सुबक मुदी तिने वाढल्या, शेजारी सुकुमाची हिरवी भाजी आणि माशाचा पातळ रस्सा ठेवला, आणि उरलेली उगाली स्वच्छ फडक्याखाली झाकली.

परीक्षक बाई आल्या. त्यांनी रस्सा चाखला, उगालीचा घास मोडून पाहिला आणि मग फडके उचलले.

“हे कुणासाठी?”

“चुकून झालं, मॅडम.”

“पेपर वाचला होतास ना? दोघींसाठी.”

“वाचला होता. पण हाताला इतकं कमी करायची सवय नाही.”

“घरी किती जण?”

“नऊ.”

बाईंची पेन्सिल क्षणभर थांबली आणि मग चालली. “गुण कापावे लागतील.”

“हो, मॅडम.”

वेळ संपल्याची घंटा झाली. आपापले रांधलेले खाण्याची मुलींना मुभा होती. जेन्ट्रिक्स ताटली घेऊन प्रथम आली. “माझा भात करपलाय गं. दे ना त्यातली. आणि मघाशी बोलले ते मनावर घेऊ नकोस.” तिच्यामागून आणखी मुली आल्या. नाफुलाने उभ्या उभ्या सर्वांना वाढले. पातेले रिकामे झाले, तेव्हा ते कुशीत घेऊन सवयीप्रमाणे ती तळाची खरपुडी काढू लागली.

“तू कधी बसणार?” दारातून बाईंनी विचारले.

“हे संपवते, मॅडम. मला पुरे.”

“ताटं दोन मांडली आहेस. एक तुझं आहे. पेपरातच लिहिलंय तसं.”

नाफुलाने पातेले खाली ठेवले, हात धुतले आणि पांढऱ्या टेबलक्लॉथपाशी खुर्चीच्या कडेवर ती टेकली. समोर आजीचे ताट होते. त्यामागची खुर्ची रिकामी होती. घरी सर्वांचे आटोपून ती जेवायला बसे, तोवर उगाली निवून घट्ट झालेली असे. तिने बेसावधपणे मुदीत बोटे घातली आणि चटकन मागे घेतली.

बोटे पोळली होती. ती फुंकर घालत तशीच बसून राहिली.