कुर्रची जागा

"कण्णु बिडबेडी, सार," डोळे उघडू नका असं बजावून नर्सबाई पुढच्या पेशंटकडे वळल्या आणि हणमंतराव मुकाट बसून राहिले. बाहुल्या मोठ्या व्हायचे थेंब घातले होते. ते भिनेपर्यंत डोळे मिटूनच ठेवायचे होते. शेजारच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. मल्लेश्वरमच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळची गर्दी होती. कुणीतरी कन्नडमधून नंबरावरून हुज्जत घालत होतं आणि समोरचा टीव्ही कधीपासून पेशंटांना उपदेश करत होता. मग उपदेश थांबला, बासरीच्या आवाजात एक ओळ वाजली आणि हणमंतरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ती चाल त्यांची होती.

हणमंतराव मूळचे निपाणीचे. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला म्हणून बेंगळुरूला आले आणि इथलेच झाले. पुढे डीजे आले, ऑर्केस्ट्राचा बाजार उठला. तेव्हा बरोबरच्या शिवकुमार तबलजीने त्यांना नवी वाट दाखवली. आपल्या चाली घरीच कीबोर्डवर रेकॉर्ड करायच्या आणि इंटरनेटवरच्या बाजारात ठेवून द्यायच्या. जाहिरातवाले, व्हिडिओवाले त्यांना हवी ती उचलतात. कुणी उचलली, कशाला लावली, हे मात्र चाल करणाऱ्याला कुणी सांगत नाही. हणमंतरावांना चुटपुट होती ती त्याचीच. लेक दिली आणि सासर कुठलं ते ठाऊक नाही, तशातली गत, असं ते शिवकुमारला म्हणत. बायकोसमोर मात्र कधी म्हणाले नाहीत.

येलहंक्याच्या घरातून पाऊल बाहेर पडलं की त्यांचे कान टवकारलेले असत. मॉलमध्ये गेले तर काम नसताना लिफ्टमधून वर-खाली करत. बँकेला फोन लावला आणि पलीकडे संगीत वाजायला लागलं, की बँकेचं काम विसरून ते ऐकत बसत. "हरवलेली म्हस हुडकल्यागत काय करायलायसा?" असं राजलक्ष्मीबाई विचारत. म्हैस काही सापडली नव्हती. आज सापडली ती नेमकी ही, आणि तीही बायको शेजारी बसलेली असताना.

ही चाल त्यांनी आपल्या लेकीच्या, सौम्याच्या बारशाला बांधली होती. पाळण्याभोवती बायका जमलेल्या, हणमंतराव दाराशी पेटी घेऊन बसलेले, आणि चालीत मध्येच त्यांनी मुद्दाम एक रिकामी जागा सोडलेली. तिथे पेटी गप्प व्हायची, म्हणजे आत्यानं बाळाच्या कानाशी लागून 'कुर्र' करायचं आणि नाव सांगायचं. हणमंतरावांच्या बहिणीने, मथुरेने, अगदी त्या जागेत बरोब्बर कुर्र केलं, तिच्या पाठीवर बायकांचे धपाटे पडले आणि पेटी पुन्हा सुरू झाली. सौम्या त्यानंतर चारच वर्षं राहिली. तापाचं निमित्त झालं आणि गेली. ही चाल परत घरात वाजायची नाही, एवढंच तेव्हा राजलक्ष्मीबाई बोलल्या होत्या, आणि हणमंतरावांनी तो शब्द पाळला होता.

म्हणजे गेल्या वर्षापर्यंत पाळला होता. राजलक्ष्मीबाई जे. पी. नगरला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या, तेव्हा एका दुपारी त्यांनी सहज ती चाल मनात म्हणून पाहिली, आणि दुसरी ओळ आठवेना. बराच वेळ कीबोर्ड चाचपडल्यावर ओळ सापडली, पण आपल्यानंतर ही कुणाच्याच हातात नसणार, हे काही मनातून जाईना. घरात वाजवायची नाही असं ठरलं होतं, घराबाहेरचं कुठं ठरलं होतं, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी ती रेकॉर्ड केली आणि इंग्रजीत कसलंसं गोड नाव देऊन बाजारात ठेवली. पहिल्या वेबसाइटने ती परत पाठवली. मध्ये आवाज तुटतो, तेवढं भरून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ती जागा बाळाच्या नावाची आहे, हे हणमंतरावांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत कळवून पाहिलं. उत्तर आलं नाही. त्यांनीही हट्टाने काही भरलं नाही, आणि मग दुसऱ्या कुठल्याशा वेबसाइटने आहे तशी घेतली.

आता ती वाजून संपली होती आणि टीव्ही पुन्हा उपदेशाला लागला होता. हणमंतरावांचा जीव टांगणीला लागला. एरवी बायकोच्या चेहऱ्यावरून त्यांना तिच्या मनातलं सगळं कळे. आज नेमके डोळे मिटलेले. तिने ओळखली असेल का? ओळखली असेल तर आता घरी गेल्यावर काय? आणि एवढ्या धास्तीतही त्यांना राहवेना. आपल्या चालीवर काय दाखवलं, ते कळायलाच हवं होतं.

"टीव्हीवर काय लागलं हुतं ग मगाशी?" त्यांनी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

राजलक्ष्मीबाईंनी सांगितलं, की डोळ्यांत थेंब कसे घालायचे ते दाखवत होते. एक बाई आधी साबणानं हात धुते आणि मग आपल्या म्हाताऱ्या वडलांच्या डोळ्यांत थेंब घालते. बाई चांगली तिशी उलटलेली आहे. सौम्या असती तर तिचीही तिशी उलटली असती, हे दोघांनाही सांगायला नको होतं.

"बासरी कशाला घातलासा?" थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या. "तवा पेटी हुती."

"इसरायला लागलो हुतो, लक्ष्मी," हणमंतराव म्हणाले. "दुसरी वळ आठवंना झाली. म्हणून कुठंतरी ठेवून दिली."

पिशवीच्या बंदाशी राजलक्ष्मीबाईंचा चाळा चाललेला तेवढा ऐकू येत होता. टीव्हीवर चष्म्यांची निगा झाली, मग मधुमेहवाल्यांनी काय खावं ते झालं. दवाखान्यातल्या त्याच त्या फिल्मा पाळीपाळीने फिरत होत्या. मग पुन्हा बासरीची ती ओळ आली.

हणमंतराव श्वास रोखून बसले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. बासरी थांबली, आणि त्या रिकाम्या जागेत त्यांच्या कानाशी ऊन श्वास लागला.

"कुर्र," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "सौम्या."

बासरी पुन्हा सुरू झाली आणि शेवटपर्यंत वाजली. दोघांपैकी कुणीच हललं नाही.

नर्सबाई टॉर्च घेऊन आल्या आणि हणमंतरावांचे डोळे उघडून पाहताच वैतागल्या. बाहुल्या काही मोठ्या झाल्या नव्हत्या, औषध सगळं गालांवरून वाहून गेलं होतं. आता पुन्हा थेंब घालावे लागतील आणि पुन्हा तेवढंच थांबावं लागेल, असं त्यांनी कन्नडमधून सुनावलं.

"सरी, सिस्टर," असा हणमंतरावांनी होकार दिला आणि मान मागे टेकली.

राजलक्ष्मीबाई आत डॉक्टरांकडे जायचं म्हणून उठल्या होत्या. त्यांनी पदराने नवऱ्याचे गाल पुसले, खुर्ची थोडी त्यांच्याजवळ ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन परत बसल्या.