कोरड्या पात्राची नोंद

माझे सासरे विहिरी खणत. त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे हे, नदीच्या पुलाशी बसून पाण्याची पातळी नोंदवत. आमचा मुलगा पंप दुरुस्त करतो. अशा घराण्यातली माझी नात संगणकावर नदी वाहवते, यात नवल ते काय?

चाळीस वर्षांपूर्वी डोंगरावर ढगफुटी झाली, तेव्हा ह्यांनी वहीत लिहिले, 'पुलाशी पाणी आले नाही.' एवढा पाऊस आणि पात्र कोरडे? साहेबांनी शेजारी लाल शाईने शेरा मारला, 'नोंदवणारा झोपला होता', आणि ह्यांना घरी बसवले. हे तो डाग घेऊनच गेले. त्या पाणी मोजणाऱ्या कार्यालयाकडे आमचे एवढेच येणे राहिले.

नातीने नोकरी धरली ती तिथेच. कार्यालयाचे पुराचे जुने गणित डोंगरावरचे सारे पाणी पन्हळीतून ओतल्यासारखे थेट नदीत सोडी. ही पोरगी मात्र वर्षभर डबे घेऊन उतारांवर पाणी ओतत हिंडली. कातळावरून पाणी धावते, पायथ्याच्या मुरमात जिरते, आणि जे निसटते ते पात्रातली वाळू पिते. तिने संगणकात उताराचा तुकडा न् तुकडा वेगळा मांडला. नवे साहेब हसून म्हणाले, आजोबांची वकिली चालली आहे.

यंदा तसाच पाऊस कोसळला. साहेबांनी पूर येणार म्हणून पूल बंद केला. नातीने सांगितले, पाणी पुलाच्या दोनशे पावले अलीकडेच थांबेल. चुकले तर राजीनामा, बरोबर आले तर शेरा खोडायचा. चारचौघांत साहेबांना मान हलवावीच लागली.

मी मुलाला काठावर खुर्ची मांडायला लावली. गढूळ पाणी काटक्या ढकलत आले. आधी माणसाच्या चालीने, मग माझ्या. वळणाशी त्याने फेस टाकला आणि वाळूत मान टाकली. नातीने पावले मोजली. एकशे नव्वद.

"दहा पावलं चुकलीस," मी म्हणाले.

"आजी, तुझी पावलं मोजली असती तर तीनशे भरली असती."

मी साहेबांकडे वळले. "वही आणा."

"उद्या कार्यालयात बघू, आजी."

"चाळीस वर्षं थांबले. उद्याचं सांगू नका."

जुन्या वह्या पुलाजवळच्या चौकीतच होत्या; तिथून वही आली. साहेबांनी लाल शेऱ्यावर रेघ मारून खाली लिहिले, 'नोंद बरोबर होती. जागेवर पाहून खात्री केली.' मी त्यांना ह्यांचे पूर्ण नाव, तारीख आणि स्वतःची सहीसुद्धा घालायला लावली. मगच वही मिटू दिली. आमचे येणे पुरते वसूल झाले.