ब्यांकेला झाली कावीळ

"बाणूबाई, आता ब्यांकेत डॉक्टर बसायलाय," असं कुणीतरी सांगितलं तवा मी फाडकन म्हणले, "मग दवाखान्यात काय म्यानेजर बसायलाय का?" माझं तोंड असंच हाय. आमच्या मादन हिप्परगा गावात कुणालाबी इचारा.

पर ते खरं निघालं. दोन हजार दहा साली आमच्या ब्यांकेच्या छतावर मोठी छत्री बसली. ब्यांकेचा कारभार त्या छत्रीतनं चालायलाय म्हणं. म्यानेजर राजपाल साहेब औरादकडले. त्यांनी वरच्या साहेबांबरोबर भांडण मांडलं, की दुपारी लाइन रिकामी ऱ्हायलीय आन गावात माणसं दुखणं अंगावर काढायलीत. शेवटी ब्यांकेनंच एका खोलीत कम्प्युटर, क्यामेरा आन पोटाला लावायचं यंत्र बसवून दिलं. दर मंगळवारी गुलबर्ग्याच्या भाग्यलक्ष्मी डॉक्टरीणबाई त्या पडद्यावर येणार, आन इकडं पंचशीला सिस्टर बसणार. ब्यांकेचं जे कार्ड, त्याच कार्डात दुखण्याची बी नोंद. ठसा घ्यायच्या काचेवर बोट ठेवलं की सगळं डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात हजर!

पहिल्याच मंगळवारी आम्ही गेलो. हौसंनं न्हाई हो. माझी सून रेणू सात महिन्यांची गरवार, आन आदल्या सांजेपास्नं तिच्या पोटातलं लेकरू हलंना झालतं. मागच्या खेपेलाबी असंच झालं. जीप मिळवून गुलबर्ग्याला नेईपर्यंत सगळं आटपलं होतं. माझा श्रीशैल पुण्याला बांधकामावर. त्याला फोन करून काय सांगू? पोरगी रात्रभर पोटावर हात ठेवून बसली.

ब्यांकेत जाऊन बगतो तर काय, यात्रा भरलेली! आमच्याकडं नवी मोटर असो का ट्रॅक्टर, भंडारा लावल्याबगर चालू करत न्हाईत. आमचे मालक गावकऱ्यांसंगं पहाटंच येऊन बसले होते. त्यांनी कम्प्युटरापुढं नारळ फोडला, मल्लण्णाचं नाव घेतलं आन भंडारा लावाया ह्याचं कपाळ कुठं हाय ते बघू लागले. पडद्याच्या वर एक गोल डोळा दिसला. लावला तिथंच, अंगठ्यानं चांगला चोळून! लोक खोबरं वाटण्यात दंग. कुणाचं ध्यान असतंय?

पंचशीलानं मागच्या महिन्यात घरोघर फिरून गरवार बायांची सगळी माहिती भरली होती. रेणूनं काचेवर बोट ठेवलं. पडद्यावर डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मान खाली घालून वाचलं आन हळूच म्हणल्या, "रेणू, मागच्या वेळचं मला समजलंय. ते परत सांगू नको. आजचं सांग."

अगंबाई! मागच्या खेपेला दर दवाखान्यात पोरीला ते पहिल्यापास्नं सांगावं लागलं होतं, आन दर खेपेला ती नव्यानं रडली होती. आज वाचली. मी त्या बाईला मनातल्या मनात हात जोडले.

पर तेवढ्यात बाईंचा चेहरा उतरला. "सिस्टर, हिचे डोळे दाखवा. अरे देवा, किती पिवळे! कावीळ हाय. ह्या दिवसांत कावीळ लई वाईट. गाडी बोलवा, हिला आत्ताच्या आत्ता इकडं आणा."

गाडी, परत तीच वाट! रेणूनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. मी वाकून क्यामेऱ्यासमोर गेले, "बाई, पाया पडते, काहीतरी करा वो!"

"अम्मा, कावीळ तुम्हालाबी हाय," बाई म्हणल्या. "आन तुमच्या मागं उभे हायत त्यांलाबी." मागं आमचे मालक. मग बाई तिकडं पडद्याजवळ वाकल्या. "सिस्टर, तुम्हीबी पिवळ्याच? एक सांगा, तिथली भिंत कोणत्या रंगाची हाय?"

"पांढरी," पंचशीला म्हणली.

"मला हळदीची दिसायलीय."

राजपाल साहेब खुर्चीवर चढले, क्यामेऱ्यावरनं बोट फिरवलं आन पिवळं बोट सगळ्यांला दाखवलं. "काशाप्पा मामा, हे काम तुमचंच ना?"

"व्हय. कपाळ शोधाया लई येळ लागला," मालक छाती काढून म्हणले.

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं न्हाई. रोखीच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायल्या, बाई तिकडं गुलबर्ग्यात हसायल्या. साहेबांनी रुमालानं क्यामेरा पुसला आन रेणूचे डोळे पांढरेशुभ्र निघाले. एकटी रेणू हसली न्हाई. "आत्या," ती म्हणली, "पर ते हलंना की."

सगळ्यांचं हसू जागीच थांबलं.

पंचशीलानं तिला बाकड्यावर निजवलं, आडवं लुगडं धरायला लावलं आन पोटावर ते यंत्र टेकवलं. आवाज कम्प्युटरातनं यायचा, तिकडं बाईंलाबी ऐकू जायचा. नुसती खरखर. यंत्र डावीकडं सरकवलं. खरखर. खाली सरकवलं. बाहेर क्याशियरनं नोटा मोजायचं सोडलं. मी डोळे मिटले. देवा, ह्या पोरीला परत तेच नको दाखवू. मला ने पाहिजे तर.

आन मग टबक टबक टबक टबक! घोडं दौडल्यावाणी, अख्ख्या ब्यांकेत!

"ऐका, रेणू," बाई म्हणल्या, "तुझं लेकरू हाय हे. ठोके झकास हायत. झोपलं असंल बघ. आता थोडं गोड खा, डाव्या कुशीवर नीज. आन आज परत हललं न्हाई, तर मात्र वाट बघू नको, इकडं ये."

राजपाल साहेबांनी मोबाइल काढला, श्रीशैलचा नंबर लावला आन फोन तसाच त्या आवाजाजवळ धरला. "आई, हे काय वाजायलंय? बोअर चालू हाय का?" पोरगं पुण्याहून वरडायलं. रेणू रडत रडत म्हणली, "तुमचं लेकरू हाय वो."

फोनवर नुसता नाक वढल्याचा आवाज आला.

कुणीतरी पूजेचा पेढा आणला. रेणूनं अर्धा खाल्ला, कुशीवर वळली आन थोड्या येळानं दचकून माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतनं धप्पकन लाथ बसली! मी भर ब्यांकेत, रांगेतल्या सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले. मग पदरानं नाक पुसलं आन पोटाजवळ वाकून चांगलं दटावलं, "मेल्या, कालपास्नं कुठं मेला होतास? आज्जीचा जीव घेतोस का?"

तर त्यानं मला आणखी एक हाणली.